एका बाकावरचे जेवण

परवा काचीगुड्यातील एका मंगल कार्यालयात लग्नाच्या पंगतीस बसलो होतो. शेजारी आमच्या नात्यातले एक वयोवृद्ध गृहस्थ होते. वाढप चालू असता बोलणे निघाले ते त्यांच्या नातवाचे. नातू उस्मानिया विद्यापीठात शिकतो. शिकतो चांगला, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार होती ती त्याच्या दुपारच्या जेवणाबद्दल. "घरून डबा देतात, तो तसाच परत आणतो. कँटीनमध्ये मित्रांबरोबर जेवतो म्हणे! कोण मित्र, कुठले मित्र, काय खातात, कुणाच्या ताटातले कुणी खातात, काही धरबंध नाही. आता विद्यापीठात जातो तो शिकायला की जेवायला?"

पंगतीत वाद घालू नये, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता. म्हणून तेव्हा मी गप्प राहिलो. पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. विद्यापीठात जायचे ते शिकायला की जेवायला? आज पासष्टी उलटल्यावर मागे वळून पाहतो, तेव्हा वर्गात ऐकलेले फारच थोडे आठवते. कँटीनच्या एका बाकावर दोन वर्षे जे जेवलो, ते मात्र सगळे आठवते. त्या बाकावर जे शिकायला हवे होते आणि मी शिकलो नाही, तेही आठवते. त्याविषयीच आज चार शब्द लिहितो.

कुणाबरोबर जेवावे हा प्रश्न आपल्या समाजाने हलकेपणाने कधीच घेतला नाही. पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहाची हकीकत आपल्या घराघरांत माहीत आहे. १८९० साली मिशनऱ्यांच्या निमंत्रणावरून काही प्रतिष्ठित मंडळी तेथे गेली आणि त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली, एवढेच काय ते घडले. पण त्यावरून पुण्यात केवढे वादळ उठले! न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक एरवी किती बाबतींत भिन्न मतांचे. पण त्या एका पेल्याचे प्रायश्चित्त दोघांनाही चुकले नाही. पुढे कोल्हापुरात शाहू महाराजांनी हाच चहा उलट्या बाजूने वापरला. गंगाराम कांबळे या अस्पृश्य गृहस्थांना त्यांनी चहाचे दुकान काढून दिले आणि स्वतः तेथे गाडी थांबवून, भर रस्त्यात, सर्वांच्या देखत चहा घेऊ लागले. महाराजांच्या बरोबरच्या मंडळींनाही मग तो घ्यावा लागे. समतानंद अनंत हरी गद्रे यांनी तर झुणका-भाकरीचा प्रसाद करून सत्यनारायण घातले आणि पूजेचा मान अस्पृश्य जोडप्यांना दिला. एका पेल्यावरून प्रायश्चित्त घेणारा समाज पन्नास-साठ वर्षांत इथवर आला, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे.

आपण हैदराबादची मराठी मंडळी या साऱ्यापासून थोडी दूर राहिलो. गौळीगुडा, सुलतान बाजार, इसामिया बाजार, काचीगुडा या वस्त्यांतून आपली घरे पिढ्यान् पिढ्या नांदली. बाहेर आपण उर्दूत बोललो, कचेरीत शेरवानी घातली, ईदेला शेजारच्या नवाबसाहेबांकडे जाऊन आलो. पण पान मांडले ते आपल्याच स्वयंपाकघरात. बाहेरचे बाहेर, घरातले घरात, असा आपला व्यवहार होता. त्यात द्वेष नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. पण कुतूहलही नव्हते. शेजारी काय जेवतो हे आपल्याला ठाऊक नसे आणि ठाऊक नसण्यात काही उणे आहे असे वाटतही नसे.

या रीतीला पहिला धक्का दिला तो उस्मानिया विद्यापीठाने. १९१८ साली हे विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा एका देशी भाषेतून, उर्दूतून, उच्च शिक्षण देण्याचा तो मोठाच प्रयोग होता. औरंगाबाद, परभणी, नांदेड, उस्मानाबाद इथली मराठी मुले, वरंगळ-करीमनगरची तेलुगू मुले, गुलबर्गा-रायचूरची कानडी मुले आणि शहरातली मुसलमान मुले प्रथमच एका छपराखाली राहू लागली. १९३८ सालचा वंदे मातरम्‌चा लढा याच वसतिगृहांतून उभा राहिला. प्रार्थनेत ते गीत म्हणू दिले नाही म्हणून शेकडो विद्यार्थी विद्यापीठाबाहेर पडले आणि त्यांपैकी पुष्कळांना नागपूर विद्यापीठाने आपल्याकडे घेतले. आपल्या घरांतून त्या लढ्याच्या आठवणी अजूनही अभिमानाने सांगतात. मला मात्र त्यातली एक बारीकशी गोष्ट नेहमी मोठी वाटत आली आहे. परक्या शहराने आपल्या मुलांची विचारपूस केली, 'तुमचे काय झाले, आता पुढे काय करणार' असे विचारले, म्हणून त्यांचे शिक्षण पुरे झाले. ही विचारपूस ध्यानात ठेवावी; पुढे तिचे काम पडणार आहे.

मी उस्मानियात एम.ए.साठी गेलो ते १९७९ साली. तोवर शिक्षणाचे माध्यम इंग्रजी होऊन कैक वर्षे लोटली होती. गुलाबी दगडाची आर्ट्‌स कॉलेजची ती भव्य इमारत मात्र तशीच होती. घरून निघताना आई डबा देई: दोन भाकऱ्या, एखादी कोरडी भाजी आणि झाकणात मेतकूट. डबा कुणाच्या उष्ट्यात जाऊ नये म्हणून तो घरी परत आल्यावर आधी बाहेरच्या नळावर धुतला जाई आणि मगच आत येई. पहिले काही दिवस मी तो झाडाखाली एकटाच बसून खाल्ला. नंतर पाऊस सुरू झाला आणि मी कँटीनमध्ये गेलो. माझ्या आयुष्यातली एवढी मोठी क्रांती पावसाने घडवून आणली; तीत माझे कर्तृत्व काही नाही.

त्या बाकावर आम्ही चौघे जमू लागलो. एक करीमनगरकडचा तेलुगू मुलगा, एक जुन्या शहरातला उर्दू बोलणारा, एक मी आणि चौथा इंद्रवेल्लीचा. आदिलाबाद जिल्ह्यातल्या त्या गावाचे नाव तोवर मी कधी ऐकले नव्हते. मी डबा उघडला तेव्हा तो माझ्या भाकरीकडे बराच वेळ पाहत राहिला आणि मग चक्क मराठीत म्हणाला, "तुम्ही मराठी हाय का? ही जवारीची भाकर आमच्याकडची दिसून राहिली."

तो गोंड होता. घरी गोंडी बोलायचा, शाळेत तेलुगू शिकला होता, आणि बाजारात व पाहुण्यारावळ्यांत मराठी बोलत वाढला होता. त्याची मराठी वऱ्हाडी वळणाची, थोडी हेल काढून बोललेली. पण माझ्यापेक्षा ती अधिक मोकळी होती, कारण तिला बरोबर-चूक ठरवणारे कुणी घरात नव्हते. मी त्याला माझी एक भाकरी दिली. त्याने कँटीनमधून आणलेले आंबाडीचे वरण माझ्या झाकणात ओतले. जुन्या शहरातल्या मित्राने मिरचीचे सालन पुढे सरकवले, आणि करीमनगरकराने दहीभात चार ठिकाणी वाटला. त्या दिवशी डबा धुतल्यावरही सालनाचा वास राहिला. आईने तो ओळखला. बोलली मात्र काही नाही.

आता इंद्रवेल्लीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण माझ्यासारखेच पुष्कळ वाचक त्या भागाबद्दल अजाण असतील. निझामाच्या राज्यात आदिलाबाद हा मोठा जिल्हा होता. १९५६ साली भाषेप्रमाणे प्रांत झाले, तेव्हा त्यातील किनवट आणि राजुरा हे भाग मुंबई राज्यात गेले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. पण रेघ मारल्याने बोली तुटत नाही. उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूर या डोंगरपट्ट्यात आजही मराठी बोलणारी गावे आहेत, आणि गोंड व कोलाम लोकांत मराठी समजणारे पुष्कळ आहेत. १९४० साली जोडेघाटला कुमराम भीम मारला गेला. त्यानंतर निझाम सरकारला या लोकांची आठवण झाली आणि हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला तिकडे पाठवण्यात आले. त्यांच्याच पुढाकाराने १९४३ साली मारलवाईला गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. त्या शाळांसाठी गोंडी भाषेची पहिली पुस्तके छापली गेली ती देवनागरी लिपीत. आपले सेतुमाधवराव पगडी त्या जिल्ह्यात अधिकारी होते. त्यांनी गोंडी शिकून घेतली, तिचे व्याकरण लिहिले आणि गोंडांवर ग्रंथ लिहिला. इतिहासकार पगडी आपल्याला ठाऊक आहेत. गोंडांच्या अंगणात बसून त्यांची भाषा शिकणारे पगडी फारसे कुणाला ठाऊक नाहीत.

या ओळखीला दुसरी बाजूही आहे; ती लपवून चालणार नाही. विसाव्या शतकात जसजसे रस्ते झाले, तसतसे बाहेरचे शेतकरी, व्यापारी आणि सावकार त्या डोंगरात शिरले. नांदेड-यवतमाळकडून गेलेल्यांत मराठी बोलणारे पुष्कळ होते. काही पोटासाठी गेले, घाम गाळून राहिले. काहींनी मिठामिरचीच्या उधारीवर जमिनी लिहून घेतल्या. गोंडाला कागद वाचता येत नव्हता आणि कागद लिहिणाऱ्याला ते ठाऊक होते. १९७० साली आंध्र सरकारने कायदा कडक करून त्या मुलखातील जमीन बिगर-आदिवासींच्या नावे होण्यास बंदी घातली. पण तोवर बरीच जमीन हातची गेली होती, आणि कायद्याचा अंमल तर अगदीच सावकाश चालला होता. माझा मित्र मराठी इतकी सहज बोले, त्याचे एक कारण हेही होते. आपली भाषा त्याच्या गावात शेजाऱ्याच्या तोंडून पोहोचली, तशी सावकाराच्या तोंडूनही पोहोचली. हे त्याने मला कधी सुनावले नाही. मला ते पुष्कळ उशिरा, वाचून कळले.

पहिल्या वर्षाच्या दिवाळीपूर्वी मी त्याला घरी जेवायला बोलावले. घरी सांगितले, मित्र आहे, मराठी बोलतो. सगळ्यांना आनंद झाला. तो आला, वाकून नमस्कार केला. आजीने गाव विचारले, मग आडनाव विचारले आणि मग आत निघून गेली. जेवायला बसलो तेव्हा आम्हा सर्वांची ताटे आत मांडलेली होती आणि त्याच्यासाठी ओसरीवर पत्रावळ. घरात ताटांची वाण होती असे नव्हे. मी उठून त्याच्याजवळ जाऊन बसायला हवे होते. मी बसलो नाही. दारात उभा राहून त्याच्याशी बोलत राहिलो आणि तेवढ्याने आपण मोठे धैर्य केले असे मला वाटले. आईने येसराची आमटी केली होती, ती त्याने दोनदा मागून घेतली. जेवण झाल्यावर पत्रावळ स्वतःच दुमडून बाहेर टाकून आला आणि आईला म्हणाला, "पानावरचं जेवण गोड लागते, काकू." आईचे डोळे खाली गेले. पुढे आजी गेल्यावर आईने ती पत्रावळीची गोष्ट मला दोनदा बोलून दाखवली. पण आजी असताना तिला बोलणे शक्य नव्हते, आणि मी पुरुष असून, शिकलेला असून, बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी तो बाकावर नेहमीसारखाच येऊन बसला. माझ्या डब्यातली भाकरी त्याने नेहमीसारखीच घेतली. मी मनात म्हटले, चला, त्याला काही वाटले नाही. मनाला सोयीचे असे निष्कर्ष काढण्यात आपण किती हुशार असतो!

पुढे १९८१ चा एप्रिल उजाडला. वीस तारखेला सोमवार होता, इंद्रवेल्लीच्या बाजाराचा दिवस. त्या दिवशी तेथे गोंड शेतकऱ्यांची सभा व्हायची होती. जमिनींचे पट्टे मिळावेत आणि सावकाराचा व जंगलखात्याचा जाच थांबावा, अशा मागण्या होत्या. सभेला दिलेली परवानगी ऐनवेळी काढून घेण्यात आली. दूरदूरच्या पाड्यांतून पायी निघालेल्या लोकांना ती बातमी कळली नव्हती. लोक जमले आणि पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा होता; नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनांनी तो याहून कितीतरी मोठा सांगितला.

बातमी शहरात येऊन पोहोचल्यावर आम्ही चौघे नेहमीप्रमाणे बाकावर जमलो. परीक्षा तोंडावर आल्या होत्या. वर्तमानपत्र बाकावरच पडले होते, घडी केलेले. तो आला, बसला, ताट पुढे घेतले. आम्ही तिघे बोलत होतो. कशाविषयी? कुठली प्रश्नपत्रिका अवघड जाईल याविषयी. मग एका चित्रपटाविषयी. मी तर त्याला विचारलेसुद्धा, "तुझे तत्त्वज्ञानाचे टिपण पुरे झाले का?" त्याने मान हलवली. घडीच्या वर्तमानपत्राला कुणी हात लावला नाही. आमच्या मनात काही नव्हते असे नव्हे. 'त्याला दुखावू नये', 'विषय नाजूक आहे', 'त्याचे तो बोलेल' अशी कारणे आम्ही प्रत्येकाने आपल्याशी तयार ठेवली होती.

टेबले पुसणारा एक पोरगा होता, बारा-तेरा वर्षांचा. तो फडके घेऊन आला, वर्तमानपत्र उचलले आणि त्याला म्हणाला, "भैया, आपका गाँव उधरीच है ना? घर में सब खैरियत?"

माझ्या मित्राने हातातला घास खाली ठेवला. म्हणाला, "मालूम नहीं. खबर नहीं आई अभी तक."

दोन वर्षे एका बाकावर जेवलेल्या तिघांना जे विचारता आले नाही, ते टेबल पुसणाऱ्या पोराने विचारले. मित्र त्याच संध्याकाळच्या गाडीने गावी गेला. त्याच्या घरची माणसे सुखरूप होती, हे मला कळले ते पुष्कळ दिवसांनी आणि दुसऱ्याच कुणाकडून. परीक्षेला तो परत आला नाही. आमचा बाक तिथेच संपला.

या गोष्टीला आता चाळीस वर्षांहून अधिक काळ झाला आहे. सहभोजनावर मी व्याख्याने ऐकली आहेत, स्वतःही एकदोन दिली आहेत. त्यांत आपण नेहमी असे गृहीत धरतो की, एका पंक्तीला बसले की काम झाले. मला आता तसे वाटत नाही. एका पंक्तीला बसणे ही केवळ सुरुवात आहे, आणि हल्लीच्या दिवसांत ती फारशी अवघड सुरुवातही राहिलेली नाही. कँटीनमध्ये पैसे टाकले की जागा मिळते. शेजारी कोण बसला आहे हे न पाहताही पोट भरते. अवघड आहे ते पुढचे. ज्याच्याबरोबर मी रोज जेवतो, त्याच्या घरी काय चालले आहे, त्याच्या गावी काय घडले, याची विचारपूस करण्याची जबाबदारी माझ्यावर येते. ती मी घेतली नाही, तर ती पंगत खानावळीच्या पंगतीहून वेगळी नाही.

अमेरिकेत १९६० साली फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला ग्रीन्सबरो या गावी चार काळे विद्यार्थी एका दुकानातील जेवणाच्या टेबलाशी जाऊन बसले. चौघे एकाच महाविद्यालयातले, एकमेकांचे मित्र. त्या टेबलाशी फक्त गोऱ्यांना वाढीत. चौघांना काही वाढले नाही, तरी ते बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आणखी मित्र घेऊन आले. जुलैच्या अखेरीस त्या टेबलाशी काळ्या माणसाला जेवण मिळू लागले. त्यांना तिथला कॉफीचा पेला हवा होता असे कुणी म्हणणार नाही. कॉफी कुठेही मिळत होती. 'आम्ही येथे आहोत, आमच्याकडे पाहा' एवढेच त्यांना म्हणायचे होते. आमच्या बाकावर माझ्या मित्राला जागा होती, वरण होते, भाकरी होती. पाहणारे मात्र कुणी नव्हते.

आणि ताटाचे भांडण अजून संपलेले आहे असेही नाही. २०१२ साली याच उस्मानियाच्या आवारात, ताटात काय असावे आणि काय नसावे यावरून विद्यार्थ्यांत हाणामारी झाली. तो वाद कुणाच्या बाजूने सोडवावा हे सांगण्याचा माझा हेतू नाही. मला एवढेच दिसते की, दोन्हीकडचे तरुण एकमेकांच्या ताटाविषयी तावातावाने बोलत होते, एकमेकांच्या घराविषयी मात्र कुणीच विचारीत नव्हते. ताटाकडे पाहणे सोपे असते. ताटामागच्या माणसाकडे पाहायला वेळ लागतो.

काही वर्षांपूर्वी पुष्य महिन्यात मी केसलापूरला गेलो. हे गाव इंद्रवेल्लीच्या अगदी जवळ. मेस्राम कुळातील गोंडांचा नागोबा तेथे आहे आणि पुष्य अमावास्येच्या रात्री त्याची महापूजा होते. पूजेसाठी गोदावरीचे पाणी मेस्राम मंडळी अनवाणी पायी चालत जाऊन आणतात. कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी आणि वडीलधाऱ्यांशी तेथेच भेट घडवतात. रात्री सगळा माळ बैलगाड्यांनी आणि चुलींच्या धुराने भरून जातो.

माझा मित्र तेथे भेटला. पत्ता काढून मीच गेलो होतो. केस पांढरे झालेले, आवाज तोच. त्याने मला 'गोवाड' दाखवले, अर्थात बाहेरून. गोवाड म्हणजे गोल भिंतीचे मोठे आवार. आत बावीस चुली. मेस्रामांची घराणी किती वाढली, माणसे हजारांनी आली, तरी चुली बावीसच. ज्याने त्याने आपापल्या घराण्याच्या चुलीवर, आपली पाळी आली की रांधायचे. पाळी नसेल तर थांबायचे. "भांडण होत नाही?" मी विचारले. तो हसला. म्हणाला, "थांबायच्या वेळात लोक एकमेकांचं विचारतात. कुणाकडं कोण आजारी, कुणाची जमीन कुठं अडकली, कुणाच्या पोरीचं जमलं. चूल लवकर भेटली तर हे बोलणं कधी होईल?"

मग त्याने मला झाडाखाली आपल्या माणसांत बसवले आणि स्वतः वाढले. जेवण साधे होते: ज्वारीची भाकरी, डाळ, भाजी. सगळ्यांना सारखे पान होते. मी पहिला घास घेतला, तेव्हा तो समोर बसला आणि म्हणाला, "घरी सगळे बरे हायेत ना? काकू हायेत?"

आई जाऊन सहा वर्षे झाली होती. मी ते सांगितले. तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "येसराची आमटी काकूंनी दोनदा वाढली होती मला."

परत येताना इंद्रवेल्लीला गाडी थांबवून मी तो स्तंभ पाहिला. १९८१ साली मारल्या गेलेल्या लोकांच्या स्मरणार्थ तो उभारला होता. ऐंशीच्या दशकातच कुणी तो उडवून दिला आणि पुन्हा बांधण्यात आला. पुढे कैक वर्षे वीस एप्रिलला तेथे जमावबंदी असे, आणि आपल्या माणसांसाठी फुले वाहायला येणाऱ्या बायांनासुद्धा अडवले जाई. ज्यांची विचारपूस करायची, त्यांच्यापर्यंत जाऊच द्यायचे नाही, असा तो प्रकार. सरकारांना दोष देणे सोपे आहे आणि तो द्यावाही. पण आम्हां तिघांना बाकावर कुणी जमावबंदी घातली नव्हती.

म्हणून त्या वृद्ध गृहस्थांना माझे सांगणे असे. आपला नातू मित्रांबरोबर जेवतो, हे उत्तम झाले. त्याला अडवू नका, उलट संध्याकाळी घरी आल्यावर विचारा, "आज बरोबर कोण होते? कुठल्या गावचे? त्यांच्या घरी कसे आहे?" नातवाला उत्तर देता आले नाही, तर समजा की तो अजून नुसताच जेवतो आहे. उत्तर देता आले, तर विद्यापीठात तो काही शिकतो आहे याची खात्री बाळगा.

आणि आपल्या साऱ्या मंडळींना एक विनंती. हैदराबादच्या वसतिगृहांतून आज इंद्रवेल्ली, उटनूर, नारनूरकडची मुले-मुली राहतात. त्यांतल्या कित्येकांना मराठी येते, आणि या एवढ्या मोठ्या शहरात त्यांच्याशी मराठीत कुणी बोलत नाही. आपल्याकडे शाळा आहेत, ग्रंथसंग्रहालय आहे, गणेशोत्सव आहे; मराठी टिकावी म्हणून आपण ठराव करतो. मराठी टिकवायला येथे आलेली ही मुले आपल्या दारात उभी आहेत, आणि आपल्या भाषेने त्यांच्या वाडवडिलांचे जे देणे केले आहे ते फेडायचेही आहे. त्यासाठी समारंभ नको, भाषणे नकोत, छायाचित्रे तर मुळीच नकोत. एखाद्या रविवारी दोघातिघांना घरी जेवायला बोलवावे. आत, सगळ्यांबरोबर, सारख्या ताटात. जेवताना घरचे विचारावे आणि ते काय सांगतात ते ऐकावे. काही वेळा ते ऐकणे आपल्याला सुखाचे होणार नाही, तरीही ऐकावे.

आमच्या घरी येत्या रविवारी चार मुले येणार आहेत. सूनबाईने येसर कुटून ठेवले आहे. लग्नातल्या त्या गृहस्थांनाही मी फोन करून बोलावले आहे. येतो असे ते म्हणाले नाहीत. पण येत नाही असेही म्हणाले नाहीत. ताट मात्र मी त्यांचे धरून मांडणार आहे.